दोन सिलिंडरांवर पारशिवनीकडे

परत आल्यापासून शाळेतल्या सगळ्या शिक्षिका एकच विचारतात, "नागपूरला जाऊन काय काय बघितलंस?" खरं सांगायचं तर फुटाळ्याचा तलाव बघितला नाही. महाल भागातल्या जुन्या गल्ल्या राहिल्या. पेंचच्या जंगलाच्या दारापर्यंत जाऊन वाघही राहिला. नागपूरचा जो भाग मी अगदी नीट, कोपरान् कोपरा बघितला, तो म्हणजे अमरावती रोडवरच्या वाडीतलं एक गॅरेज. तिथं मी चार तास होते. तरी या प्रवासातलं सांगण्यासारखं बरंचसं तिथंच घडलं, म्हणून लिहून काढतेय.

निघायचं कारण एक फोन होता. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, तरुणपणी पेंचच्या धरणाच्या कामावर डंपर चालवायला गेले होते. सांगलीकडचा माणूस तिकडं विदर्भात चार वर्षं राहिला. पारशिवनीत एका खोलीत ते आणि स्टोअरमध्ये काम करणारे पुंडलिक असे दोघं राहायचे. तात्यांना तिथं हिवताप झाला तेव्हा पुंडलिककाकांनी नऊ दिवस कामावर न जाता त्यांच्या उशाशी बसून काढले. "तो नसता तर तू जन्मालाच आली नसतीस," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. पुढं तात्या गावाकडं आले, साखर कारखान्याची गाडी चालवायला लागले, आणि दोघांची भेट राहूनच गेली. पत्रं, मग फोन, मग नुसतीच दिवाळीची आठवण.

दिवाळीच्या सुट्टीत पुंडलिककाकांच्या मुलाचा फोन आला. पारशिवनीचं घर भाड्यानं देऊन तो वडिलांना कायमचं हैदराबादला नेणार होता. शुक्रवारी सकाळी निघणार होते. "बाबा म्हणतात, दत्तूले एकडाव पाहाचं होतं," तो म्हणाला. दत्तू म्हणजे आमचे तात्या.

मी तात्यांना सांगितलं. त्यांनी दोनदा "काय?" केलं. तिसऱ्यांदा मी ओरडूनच सांगितलं, जरा चिडूनच. गेली दोन वर्षं असंच चाललं होतं. आम्ही जेवताना बोलत असलो की ते ताटात बघत राहायचे. काही विचारलं की "हां, बघू." आई गेल्यापासून ते आमच्यावर रुसलेत, त्यांना आमच्यात रस उरला नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पण त्या दिवशी ते उठले आणि सरळ गाडीकडे गेले. माझी छोटी पेट्रोल गाडी, अकरा वर्षांची, तीन सिलिंडरची. मी गॅरेजला नेते म्हटलं तर हातानंच नको म्हणाले. जुना खाकी शर्ट घालून त्यांनी स्वतः ऑइल बदललं, नवे प्लग बसवले, हवा बघितली. शहात्तर वर्षांचा माणूस, हात थोडे थरथरतात, पण मला बरं वाटलं. खूप दिवसांनी ते कशात तरी रमले होते.

कोंढाळी, गुरुवार सकाळ

दोन दिवसांचा रस्ता वगळते. सोलापूर, बीड, जालना करत बुधवारी रात्री अमरावतीला मुक्काम केला. गुरुवारी सकाळी तिथं नाश्त्याला पोहे मागवले तर त्या माणसानं पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतला. तात्या ताटाकडे बघतच राहिले. "पोह्याची मिसळ केली ह्यानं." मग एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाले, "तवा बी असंच हुतं. मी इसरलो हुतो." दुसरी प्लेट त्यांनीच मागितली.

कोंढाळीच्या अलीकडे रस्ता जरा चढतो. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, फांद्या फळांनी वाकलेल्या. मी वेग वाढवायला पाय दाबला आणि गाडीनं हिसका दिला. मग दुसरा. इंजिनाचा आवाज लंगड्या माणसाच्या चालीसारखा झाला. दोन पावलं, एक लचक. दोन पावलं, एक लचक. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

"तात्या, गाडी मिस मारतेय," मी म्हणाले.

ते खिडकीतून बागा बघत होते.

"तात्या! गाडी हलतेय!"

"रस्ता खराब हाय," ते म्हणाले.

रस्ता चौपदरी होता, पाटासारखा गुळगुळीत. मी त्यांच्याकडे बघितलं. ज्या माणसानं आयुष्यभर नुसत्या आवाजावरून गाड्यांचे आजार सांगितले, कारखान्याचे मेकॅनिक ज्याला घरी विचारायला यायचे, तो माणूस या खडखडाटात शांतपणे बसला होता. आमच्यावर रुसला होता म्हणून नव्हे. त्याला ऐकूच येत नव्हतं.

मी गाडी बाजूला घेतली. एक बाई संत्र्यांचा ढीग लावून बसली होती. तिच्याकडची संत्री तात्यांच्या हातात दिली आणि मी बॉनेट उघडून उगीचच आत बघत राहिले. खरं म्हणजे मला तोंड लपवायला जागा हवी होती. दोन वर्षं मी या माणसावर खेकसत होते.

"काय झालं वं बाई? गाडी बिघडली काय?" ती बाई म्हणाली. "वाडीले जा. देवरावभाऊचं गॅरेज इचारजो, कोनीबी सांगन. हळूहळू जा."

इंजिन थंड झाल्यावर गाडी थोडा वेळ नीट चालली, मग पुन्हा लंगडायला लागली. ट्रक माझ्यामागं भोंगे वाजवत होते आणि मी चाळीसच्या वर जात नव्हते. तात्या संत्र्याच्या फोडी सोलून मला भरवत होते. एकदा म्हणाले, "एवढी हळू का चालवतीस? पुंडल्या वाट बघत असंल." मी मान हलवली. ओरडले नाही.

वाडी

वाडी म्हणजे गोदामं आणि ट्रक. ट्रकच्या रांगांमधून गॅरेज सापडलं. कडुनिंबाखाली पत्र्याची शेड, आणि मागं लागूनच घर. देवरावभाऊ पन्नाशीचे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी सगळं सांगितलं.

"दिवा लुकलुकत होता काय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग आता पुढं नका नेऊ ताई. दिवा नुसता लागला असन तर चालते. लुकलुकून राह्यला म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमंधी जाऊन राह्यलं. तिकडं तापून सगळंच बिघडन."

"आज संध्याकाळच्या आत पारशिवनीला पोचायचंय. उद्या सकाळी ते लोक जाणार आहेत, मग भेट होणार नाही."

"पोचान ना जी. पाहू तर द्या."

त्यांनी इंजिन सुरू करायला सांगितलं. आता ते उभ्यानंही लंगडत होतं. एवढ्यात तात्या गाडीतून उतरून पुढं आले, हात मागं बांधून, अगदी कारखान्यात उभे राहायचे तसे. देवरावभाऊंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, खाकी शर्टाकडे बघितलं, आणि ओळखलं.

"काकाजी डायवर होते वाटते?"

"तीस वर्षं," मी म्हणाले. "आणि त्याआधी धरणावर डंपर."

"बाप्पा! मंग मी काय पाहू? काकाजी, तुमीच सांगा, कोनता सिलिंडर मिस मारून राह्यला?"

त्यांनी ते मानानं विचारलं होतं. पण मला मध्ये पडावंसं वाटलं. तात्यांनी प्रश्न ओठांवरून समजून घेतला असावा. त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले, अगदी पूर्वीसारखे. बराच वेळ तसे उभे राहिले. मग म्हणाले, "एक नंबर."

देवरावभाऊंनी हात घालून पहिल्या सिलिंडरच्या कॉइलचा, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाचा, जोड काढला. इंजिन एकदम धडधडलं, बंद पडायच्या बेतात आलं. म्हणजे एक नंबर चांगला काम करत होता. चालता पाय बांधला की माणूस पडतो, तसं. मला कळलं, देवरावभाऊंना कळलं. त्यांनी जोड परत लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी हळूच माझ्या कानाला बोट लावलं.

देवरावभाऊंनी कापडानं हात पुसले, तात्यांच्या जवळ गेले, त्यांचा उजवा हात धरला आणि इंजिनाच्या कडेला, जिथं फार तापत नाही तिथं, पालथा ठेवला. मग एक एक बोट दाखवून खुणेनं सांगितलं, आता मी काढतो, तुमी पाहा.

एक नंबरचा जोड काढला. इंजिन हादरलं. तात्यांच्या भुवया वर गेल्या. जोड लावला. दोन नंबरचा काढला. पुन्हा हादरलं. लावला. तीन नंबरचा काढला.

काहीच फरक पडला नाही. जसं लंगडत होतं तसंच लंगडत राहिलं.

तात्यांचा हात तिथंच होता. त्यांनी डोळे मिटले होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि देवरावभाऊंना म्हणाले, "तीन मेलाय. तीन नंबर कामच करत न्हाई."

"बरोब्बर, काकाजी!" देवरावभाऊ मोठ्यानं म्हणाले. तात्यांचा चेहरा असा उजळला की मी शेडच्या बाहेर जाऊन कडुनिंबाकडे बघत उभी राहिले.

पण नुसतं कोणता सिलिंडर ते कळून भागत नाही, का ते कळावं लागतं. देवरावभाऊंनी मला समजावून सांगितलं, मी त्यांच्या बाजूला उभी राहून पोरीसारखी प्रश्न विचारत होते म्हणून. आधी तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरला लावली आणि एकची तीनला. कॉइल खराब असती तर आजार कॉइलबरोबर एक नंबरला गेला असता. इंजिन सुरू केलं. आजार तीनलाच राहिला. म्हणजे कॉइल निर्दोष.

"आता प्लगची अदलाबदल करू. इंजिन थंड झाल्याबिगर प्लग खोलाचा नसते. तवरक जेवून घ्या."

आम्ही नको नको म्हणत होतो. सांगलीकडं आम्ही अनोळखी माणसाला चहा हमखास देतो, पण जेवणाच्या वेळी परक्याच्या दारातून उठायची आम्हालाच घाई असते. इथं देवरावभाऊंच्या पत्नी, शीलावहिनी, पदर खोचून दारात उभ्या राहिल्या. "काहून जी, आमच्या घरचं चालत नाही काय तुमाले?" त्यानंतर नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी गोळाभात वाढला. हरभऱ्याच्या भरड्या डाळीचे तिखट गोळे भातात शिजवलेले, त्यावर कढत तेलाची फोडणी, बाजूला चिंचेचं सार. आमच्याकडं भातावर साजूक तूप, इथं तेल, आणि तेही वहिनी थांबवल्याशिवाय थांबत नाहीत.

वहिनींच्या एक लक्षात आलं होतं. त्या तात्यांच्या अगदी समोर बसून, चेहरा दाखवून, सावकाश बोलत होत्या. ओरडत नव्हत्या. आणि तात्या उत्तरं देत होते! पेंचच्या धरणाचं सांगितलं, डंपर चिखलात रुतला ते सांगितलं, गोळाभात तेव्हा पुंडलिकच्या आईच्या हातचा खाल्ला ते सांगितलं. दोन वर्षांत घरी एवढे बोलले नव्हते.

मी वहिनींना मागं ओट्याशी गाठून म्हटलं, "तुम्हाला बरं कळलं."

"माह्या बापाचं असंच होतं. आमी वरडाचो, आन् तो गप बसाचा. मंग कळलं, वरडल्यानं त्याले ऐकू नाही यायचं, आमचा राग तेवढा दिसाचा."

मी ताटं विसळायला घेतली.

जेवणानंतर देवरावभाऊंनी तीन नंबरचा प्लग काढून एक नंबरला घातला, एकचा तीनला. इंजिन सुरू झालं. या वेळी त्यांनी काही सांगायच्या आत तात्यांनी स्वतःच हात इंजिनावर ठेवला. जोड काढता काढता आजार सापडला. तो आता एक नंबरला आला होता. प्लगबरोबर चालत आला होता.

"प्लग," तात्या म्हणाले.

"प्लगच," देवरावभाऊ म्हणाले. त्यांनी तो काढून पेट्रोलनं धुतला, उन्हात धरला, चष्मा लावला. वरून अगदी नवा दिसत होता. पण पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी एक काळी रेघ होती. ठिणगी खाली पेट्रोलपर्यंत जायच्या ऐवजी त्या चिरेतून बाजूला पळत होती. थंड असताना थोडं चालायचं, तापलं आणि चढ आला की मिस.

"हे कसं होतं?" मी विचारलं, आणि विचारताक्षणी वाटलं, नको होतं विचारायला.

देवरावभाऊ घुटमळले. "खोक्यातूनच असे येतेत कधी कधी..."

तात्यांनी प्लग त्यांच्या हातातून घेतला. बोटानं रेघ चाचपली. "खोक्यातनं न्हाई," ते म्हणाले. "पाना तिरका लागला की असं हुतं. म्याच बसवलेत हे."

बाहेर एक ट्रक मागं येत होता. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकं ओशाळं तोंड मी त्यांचं कधी बघितलं नव्हतं. "सुमे, तुला मधी रस्त्यात आणून उभी केली म्या."

मी काही म्हणायच्या आत देवरावभाऊंनी त्यांच्या समोर येऊन, वहिनींसारखंच, चेहरा दाखवून सावकाश सांगितलं, "काकाजी, याच सालात माह्या हातून दोन फुटले. दोन. गिऱ्हाईकाले मी सांगतलंबी नाही. तुमी तरी सांगून राह्यले."

तात्या हसले. पहिल्यांदा ओठांनी, मग पोटानं.

नवा प्लग समोरच्या दुकानातून आला. देवरावभाऊ म्हणाले, "हा तुमीच बसवा." मला वाटलं, कशाला आता. पण तात्यांनी बाह्या सरसावल्या. आधी पाना न लावता नुसत्या बोटांनी आटे बसवले, सावकाश, जराही जोर न करता. मग पान्याची वेळ आली तेव्हा हात थरथरायला लागला. देवरावभाऊंनी पान्याची वरची बाजू आपल्या मुठीत सरळ धरून ठेवली, आणि तात्यांनी तो फिरवला. एक थरथरता हात आणि एक स्थिर. मी माझ्या शाळेत पहिलीच्या मुलांचा हात धरून अक्षर गिरवून घेते. इथं मुलाचं वय शहात्तर होतं, एवढाच फरक.

देवरावभाऊंनी बाकीचे दोन प्लगही तपासले, कॉइलचं रबर बघितलं. मग मी इंजिन सुरू केलं. आवाज एकसारखा आला. दिवा लागला नाही. ते मला म्हणाले, "चढावर एक चक्कर मारून या." मी आणि तात्या उड्डाणपुलावरून चक्कर मारून आलो. गाडी तुपासारखी चालली.

निघताना वहिनींनी संत्र्याची बर्फी बांधून दिली. मी पाया पडायला वाकले तर त्या मागं सरल्या. "माह्याहून मोठ्या आहा न वं तुमी!" आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. कसली ओळख, तर चार तासांची.

पारशिवनी

नागपूर शहर मी त्या दिवशी नुसतं गाडीच्या काचेतून बघितलं. खापरखेड्याकडून पुढं गेल्यावर कापसाची शेतं लागली. ऊन उतरायच्या आत आम्ही पारशिवनीत होतो.

पुंडलिककाका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बारीक, ताठ, पांढरी मिशी. तात्या फाटकातून आत गेले. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं होतं मिठी मारतील, रडतील. काका म्हणाले, "काहून गा दत्तू, एवढा उशीर?" चाळीसपेक्षा जास्त वर्षांचा उशीर की त्या दिवशीचा, कोण जाणे.

घरात सामानाची खोकी बांधलेली होती. भांडी थोडीच उरली होती. काकांच्या मुलानं शेजारून वांग्याचं भरीत आणि ज्वारीच्या भाकरी आणल्या. दोघं म्हातारे अंधार पडेपर्यंत बाजेवर बसून बोलत होते. काका भराभरा बोलत होते आणि तात्या मान हलवत होते. त्यांना किती कळत होतं मला माहीत नाही. मी एकदोनदा समोर बसून सावकाश सांगितलं, वाडीत शिकले तसं. एकदा तात्या म्हणाले, "कळलं, कळलं, तू वरडत न्हाईस आता." मी जागेवरून उठले आणि पाणी आणायला गेले.

शुक्रवारी सकाळी मुलाची मोठी गाडी दारात लागली. सामान भरलं. शेजारपाजारची माणसं जमली. कोणी काकांच्या हातात नारळ दिला, कोणी नुसताच हात धरला. काका सगळ्यांचा निरोप घेऊन गाडीच्या दारापर्यंत आले आणि थांबले.

"बाबा, बसा," मुलगा म्हणाला.

"थांब. दत्तूनं पाह्यल्याबिगर मी कोन्या गाडीत बसत नाही." ते लोकांना सांगायला लागले, धरणावर असताना पाच डंपर उभे असायचे, पण दत्तूनं इंजिन ऐकून हो म्हटल्याशिवाय पुंडलिक कधी कोणत्याही गाडीत चढला नाही. मग तात्यांकडे वळून खुणेनं बॉनेट दाखवलं. "ऐक गा एकडाव. लंबा रस्ता आहे."

मुलानं हसत बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं. सगळे बघत होते. तात्या पुढं गेले. उभे राहिले. मला वाटलं आता मान तिरकी करतील, डोळे बारीक करतील आणि "चांगली हाय" म्हणतील. कोणालाही कळलं नसतं.

त्यांनी मान तिरकी केली नाही. ते काकांकडे वळले.

"पुंडलिक, माझं कान गेलं," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. घरात कुणाला बोललो न्हाई."

काकांचा हात गाडीच्या दारावरच राहिला. तात्या माझ्याकडे वळले.

"सुमे, तू ऐक."

मी कधी इंजिन ऐकलं होतं? मला कोणी शिकवलं नव्हतं. पण मी पुढं गेले, वाकले, मान तिरकी केली, डोळे बारीक केले. ऐकत राहिले. घाई केली नाही. एकसारखं, न अडखळता, कुठंही पाऊल न चुकवता ते चाललं होतं. मी दोनदा ऐकून खात्री केली. मग सरळ झाले, तात्यांच्या समोर आले, आणि त्यांना माझा चेहरा नीट दिसेल अशी उभी राहून म्हणाले, "चांगलं चाललंय, तात्या. कुठंच चुकत नाही."

त्यांनी माझं तोंड नीट वाचलं. मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना आत बसवलं, दार लावलं आणि काचेवर टकटक केलं.

"जा आता बिनघोर," ते म्हणाले. "पोरीनं ऐकलंय."